विषय क्रमांक एक

त्या विद्यापीठात इतिवृत्तबाई म्हटलं की शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच बाई उभी राहायची. ठेंगणी, चष्मा गळ्यातल्या साखळीला टांगलेला, आणि चालणं असं की पायाखाली कुणी झोपलं असावं. बाई सभा विभागाच्या अधीक्षक होत्या. विद्यापीठाचा सगळा कारभार ज्या व्यवस्थापन परिषदेच्या होकारावर चालतो, तिच्या बैठका भरवायच्या, कुठले विषय कुठल्या क्रमाने घ्यायचे ती विषयपत्रिका काढायची, आणि बैठकीत कोण काय बोललं ते इतिवृत्तात उतरवायचं, हे त्यांचं काम. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं.

इतिवृत्त लिहिणं ही कला आहे आणि बाई त्यातल्या उस्ताद होत्या. दोन सदस्य एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत पोचले, की बाई लिहीत, 'सदस्यांनी आपल्या भावना व्यक्त केल्या.' एखादा माननीय सदस्य पोटावर हात ठेवून घोरू लागला, की 'सदस्यांनी निवेदन शांतपणे ऐकून घेतले.' कुणी पाय आपटत, खुर्ची ढकलून निघून गेलं, की 'काही काळ सभागृहाबाहेर होते.' खोटं एक अक्षर नाही, आणि खरंही फारसं नाही. पुढच्या बैठकीत ते वाचून सगळ्यांना वाटायचं, आपण किती शहाण्यासारखे वागलो.

सभागृहात लांबलचक अंडाकृती टेबल होतं. त्याभोवती माननीयांच्या उंच पाठीच्या खुर्च्या, प्रत्येकापुढे नावाची पाटी, पाण्याची बाटली आणि ध्वनिक्षेपक. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा आणि माणूस बोलू लागायचा; तो बंद कसा करायचा हे मात्र अनेकांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंची खुर्ची टेबलाला नव्हती. ती कुलसचिवांच्या मागे, भिंतीला टेकून. पुढे लहानसं स्टूलवजा टेबल. मागच्या खुर्चीने बोलायचं नसतं, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण हवेसारखं सगळीकडे होतं. कुलसचिव मान वळवतील तेव्हा कागद पुढे करायचा, आणि त्यांनी विचारलं तर त्यांच्याच कानात सांगायचं. नोकरीच्या उभ्या हयातीत त्या सभागृहात बाईंचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाईंना त्याचा अभिमानसुद्धा होता, आता काय बोलावं.

हे काम त्यांना शिकवलं आधीच्या अधीक्षकांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा म्हणायचे, "हे बघा बाई, विषयाला नंबर देणं म्हणजे त्याची कुंडली मांडणं. ज्याला मारायचं, त्याला पहिला नंबर द्या. ज्याला तारायचं, त्याला चहाच्या वेळी आणा." बैठकीच्या सुरुवातीला सगळे ताजेतवाने असतात. घरून निघताना प्रत्येकाने काहीतरी बोलायचं ठरवलेलं असतं, आणि जो विषय पहिला समोर येतो त्याच्यावर सगळे तुटून पडतात. शेवटी मात्र अध्यक्षांच्या परवानगीने 'ऐनवेळचे विषय' येतात. तेव्हा बाहेर कपबश्या वाजत असतात, ड्रायव्हरांचे फोन येत असतात. कुलसचिव भराभर वाचतात, माननीय माना हलवतात, आणि विषय संमत. या वाटेने त्या विद्यापीठात इमारती उभ्या राहिल्या, माणसं नेमली गेली, एकदा तर एक अख्खा विभाग बंदही झाला.

घरी बाई चौघांत राहायच्या. त्या, मुलगा, सून आणि नात. यजमान पूर्वीच गेले. मुलगा मालगाडीसारखा भलामोठा ट्रक चालवायचा, आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस घरी. सून शिवणकाम करायची, खोलीच्या खिडकीशीच तिचं मशीन. नातीला सगळे ठकी म्हणत, कारण ती लाकडाच्या ठकीसारखी शांत बसायची. तान्ही असताना शेजारणी म्हणायच्या, काय गुणाची पोर हो तुमची, मशीन खडखडतंय अन् ही झोपलीय. सगळ्यांना कौतुक. एक दिवस सुनेच्या हातून कात्री स्टीलच्या डब्यावर आदळली. बाई दचकल्या, सून दचकली, मांडीवरची ठकी मात्र आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी गुणाचा उलगडा झाला.

डॉक्टरांनी तपासून कानाला मशीन दिलं. पण मशीन लावलं की पोर बोलेल, हा सगळ्यांचाच गैरसमज. तो दूर केला बाजारातल्या केंद्राने. विद्यापीठाच्या वाचा-श्रवण विभागातल्या तिघी शिक्षिका आठवड्यातले ठरावीक दिवस नगरपालिकेच्या जुन्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत येऊन बसायच्या. जागा नगरपालिकेची, माणसं विद्यापीठाची. गावातली कमी ऐकणारी पोरं आणि त्यांच्या आया जिना चढून यायच्या. भाजीवालीची, शिक्षकाची, हमालाची, वकिलाची, सगळ्यांची पोरं एकाच सतरंजीवर.

त्यातल्या मोठ्या शिक्षिकेला आया 'ताई' म्हणत. ताई पहिल्याच दिवशी सुनेला म्हणाल्या, "मशीनने आवाज आत जाईल. पण त्या आवाजाचा अर्थ तुम्ही लावून द्यायचा. दिवसभर बोला तिच्याशी. पाणी आलं, पाणी सांडलं, पाणी गार आहे. हाताच्या खुणाही करा. बोलून येऊ दे, खुणांनी येऊ दे, भाषा यायला हवी. आणि लवकर. या वयात येते ती मग येत नाही."

सून सांगितलेलं करणारी. शिवता शिवता ती सुईशी, दोऱ्याशी, बटणाशी बोलू लागली. बाई ऑफिसातून आल्या की तोंड धुवायच्या आत ठकीपुढे बसत आणि तीच बाई, जिने सभागृहात कधी ओठ उघडले नव्हते, ती घरात "बूऽऽ आला, बूऽऽ गेला" करत गालफडं फुगवायची. ताईंकडे एक डफ होता. ताई ठकीच्या पाठीमागे उभ्या राहून तो वाजवत, आणि ऐकू आलं की ठकीने डब्यात मणी टाकायचा. पहिले कितीतरी दिवस मणी हातातच. मग एकदा डफ वाजला आणि मणी टणकन पडला. सून तिथेच, सगळ्या आयांपुढे, पदरात तोंड लपवून रडली. दोन वर्षांची झाली तेव्हा ठकीला तीन शब्द येत होते. 'दे', 'पा' म्हणजे पाणी, आणि सगळ्यांत ठणठणीत 'नको'. नको तर असं म्हणायची की परिषदेत बसवावं.

आता या केंद्राची जन्मकथा. एका जुन्या विभागप्रमुखाने नगरपालिकेच्या डॉक्टरला फोन केला होता, डॉक्टर म्हणाला खोली रिकामी आहे, विभागप्रमुख म्हणाला माणसं पाठवतो. झालं केंद्र. गावाला विद्यापीठाचा काय उपयोग, असं कुणी विचारलं तर लोक त्या जिन्याकडे बोट दाखवायचे. एरवी गावाच्या मधोमध एवढी मोठी भिंत, आत झाडं, बाहेर धूळ, हाच काय तो संबंध.

मग कारभारात सुधारणा झाली. सुधारणा म्हटलं की सामान्य माणसाने खिसा-पाकीट आणि पोरंबाळं सांभाळावीत. नवीन नियम आला की विद्यापीठाच्या आवाराबाहेरचं कुठलंही काम परिषदेच्या मंजुरीशिवाय आणि रीतसर कराराशिवाय करायचं नाही. विभागप्रमुखाची सही यापुढे आवाराच्या भिंतीपर्यंतच. नगरपालिकेबरोबर जो काही जुना, जेमतेम करार होता त्याची मुदत संपत आली होती. नव्या कराराचा मसुदा विभागाकडून आला. त्यात जुनं केंद्र तर होतंच, शिवाय गावाच्या प्रत्येक भागात तसंच एकेक उघडायचं, असंही होतं. नगरपालिका जागा द्यायला तयार होती. फक्त परिषदेने हो म्हणायचं. आणि तो मसुदा फिरत फिरत, विषयपत्रिकेवर चढण्यासाठी, इतिवृत्तबाईंच्या टेबलावर आला.

बाईंनी तो वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं की त्यांची नात त्या केंद्रात जाते. सांगायची वेळच आली नव्हती, आणि आता सांगायची सोय उरली नव्हती. ज्याचा विषयाशी संबंध आहे त्याने त्या कागदाला हात लावू नये, हा सभा विभागाचा दंडक. सांगितलं तर काम दुसऱ्याकडे जाणार, आणि तो दुसरा कागद कुठे ठेवेल याचा नेम नाही.

अण्णांचं वाक्य त्यांना पाठ होतं. ऐनवेळच्या विषयांत हा विषय ढकलला असता तर कपबश्यांच्या आवाजात तो अलगद निघून गेला असता. ते त्यांनी इतरांच्या विषयांसाठी शेकडो वेळा केलं होतं. पण हा विषय ठकीचा. उद्या कुणाला कळलं तर म्हणतील, बाईने नातीचं काम मागल्या दाराने करून घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, आणि इथे तर चोरीही नव्हती. दुसरी गोष्ट याहून साधी होती. त्यांना वाटलं, पडदे-खुर्च्या मागल्या दाराने येतात, येवोत बापडे. पण मुक्या पोरांचा विषय माननीयांनी डोळे उघडे ठेवून, मानाने ऐकावा. एवढी शिकलेली माणसं, ऐकल्यावर नाही कशाला म्हणतील?

त्यांनी त्याला नंबर दिला, विषय क्रमांक एक.

घरी सुनेला सांगितलं तेव्हा तिने शिवण थांबवली. "पहिला? म्हणजे सगळ्यांच्या आधी आपला?"

"हो गं. सगळ्यांच्या आधी."

"मग काळजीच नाही," सून म्हणाली. "तुम्ही आहात ना तिथे."

बैठकीच्या दिवशी हजेरी भरघोस होती. कुलसचिवांनी विषय वाचला आणि एकदम पाच-सहा लाल दिवे लागले. परिषदेत एक निवृत्त अधिकारी होते, सरकारने नेमलेले. सभा विभागात त्यांना शंकासुर म्हणत. शंकासुरांनी घसा साफ केला.

"माझा विरोध नाही," ते म्हणाले. बाईंनी ओळखलं, आता खैर नाही, कारण विरोध नसलेला माणूस जेवढं नुकसान करतो तेवढं विरोधकाच्या बापाला जमत नाही. "माझा विरोध नाही, पण मला एक कळत नाही. गावातल्या पोरांचं बघणं हे नगरपालिकेचं काम. ते आपण का करायचं?"

"आपली विद्यापीठांच्या क्रमवारीत घसरण चाललीय," दुसरे म्हणाले. ते कारखानदार होते. "या केंद्राने आपला क्रमांक वाढणार आहे का? किती निबंध छापून येतील यातून?"

"आणि पाटीवर नाव कुणाचं?" वकील सदस्य म्हणाले. "जागा त्यांची म्हणून ते आपलं नाव वर टाकणार. माणसं आपली आणि श्रेय त्यांचं?"

"जिन्यावरून पोर पडलं तर जबाबदार कोण?" हे शंकासुर, दुसऱ्या फेरीत.

चर्चा चांगली रंगली. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर उत्साहाला काय तोटा. कुणी वाईट माणूस नव्हतं त्यात, हेच खरं दुखणं. प्रत्येकाला विद्यापीठाचं भलंच हवं होतं. विद्यापीठाबाहेर गाव आहे, एवढंच कुणाच्या लक्षात नव्हतं. शेवटी कुलगुरू, जे मुळात सज्जन आणि थोडे थकलेले होते, त्यांनी हात वर केला.

"आपण इतकं बोलतोय," ते म्हणाले, "इथे कोणी हे केंद्र प्रत्यक्ष पाहिलंय का? तिथे नक्की काय चालतं, पोरं बोलतात का, कुणी सांगू शकेल?"

एकेक लाल दिवा विझला. कुलगुरूंनी टेबलाभोवती नजर फिरवली. ती नजर उंच पाठीच्या खुर्च्यांवरून गेली आणि भिंतीपर्यंत पोचलीच नाही.

मणी टणकन पडतो, साहेब. माझी नात नको म्हणते. पाणी मागते. बाईंना हे एवढंच बोलायचं होतं. त्यांचे गुडघे हललेसुद्धा, म्हणजे उठायला निघाले. पण पुढे कुलसचिवांची रुंद पाठ होती, हातात पेन होतं, आणि एवढ्या वर्षांची ती मागची खुर्ची त्यांना सोडेना. उठून काय म्हणणार? माननीय सदस्य? की, माझी नात? एक क्षण गेला, दुसरा गेला. मग शंकासुरांचा दिवा लागला आणि ते म्हणाले, "माहिती नसेल तर उपसमिती नेमू." सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

बाईंनी खाली मान घालून लिहिलं, 'याविषयी सभागृहात प्रत्यक्ष माहिती उपलब्ध नव्हती.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

त्याच बैठकीच्या शेवटी अतिथिगृहाचे पडदे बदलण्याचा ऐनवेळचा विषय आला. कुलसचिवांचं वाचून व्हायच्या आत तो संमत झाला. रंगसुद्धा कुणी विचारला नाही.

त्या संध्याकाळी सून दारातच उभी होती. बाईंनी चपला काढता काढता सांगून टाकलं की विषय उपसमितीकडे गेला, थोडा वेळ लागेल. मग राहवेना म्हणून तेही सांगितलं, की कुलगुरूंनी विचारलं, कोणी पाहिलंय का म्हणून.

"मग?" सून म्हणाली. "तुम्ही सांगितलंत?"

"मला बोलता येत नाही गं तिथे. रीत नाही तशी."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं. मग ती आत जाऊन मशीनवर बसली आणि अर्धी राहिलेली बाही शिवू लागली. त्या दिवसापासून तिने या विषयावर सासूला अवाक्षर विचारलं नाही. ती भांडली असती तर बाईंनी एखादा उपवास धरला असता, रडल्या असत्या, मोकळ्या झाल्या असत्या. पण ती भांडलीच नाही.

जुन्या कराराची मुदत संपली. कराराशिवाय शिक्षिका बाहेर पाठवायच्या नाहीत, म्हणून ताईंना आणि दोघींना विभागातच बसवलं. बाजारातल्या खोलीला कुलूप लागलं. एक-दोनदा आया पोरांना घेऊन विद्यापीठाच्या फाटकाशी आल्या. चौकीदाराने विचारलं, पास आहे का. पास नव्हता. ताई स्वतः फाटकापर्यंत यायच्या, उभ्या उभ्या चार गोष्टी सांगायच्या, मग त्यांनाही समज दिली गेली. वर्ष उलटायच्या आत त्या दुसऱ्या गावी नोकरी धरून निघून गेल्या. जाण्याआधी घरी येऊन ठकीला जवळ घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही चालू ठेवा." पण एकट्या आईने काय आणि किती चालू ठेवायचं? दुसरं तसं केंद्र अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. सून काही महिने गेली, ठकीला कडेवर घेऊन. मग पाठ धरली, शिवणाची गिऱ्हाइकं तुटली, मुलगा रस्त्यावर आणि बाई बैठकीत. जाणं थांबलं.

उपसमितीचं इतिवृत्तही बाईंनाच लिहावं लागे. पहिल्या बैठकीला गणसंख्या भरली नाही. पुढची सगळी बैठक पाटीवर विद्यापीठाचं बोधचिन्ह डावीकडे की उजवीकडे यात गेली. तो प्रश्न नगरपालिकेला पत्राने विचारला, तिकडूनही त्यांच्या समितीचं उत्तर आलं की दोन्ही एकाच मापाची असावीत. मग माप. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे नकटी सतरंजीवर बसायची वाट बघत होती एवढंच. अहवाल होत आला आणि परिषदेचीच मुदत संपली. परिषद गेली की तिच्या उपसमित्याही जातात. नवे सदस्य यायला निवडणुका, नेमणुका, कोर्टकचेरी. तेवढा काळ विद्यापीठ जणू श्वास रोखून बसलं. पोरं मात्र वाढत होती. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

ठकीचा 'पा' आधी गेला. मग 'दे'. तिला दिसत होतं की हात ओढला की वस्तू मिळते, मग शब्द कशाला? कानातलं मशीन ती उपटून फेकायची, कारण त्यातून येणारा गोंगाट कशाचा आहे हे तिला कोण सांगणार. हळूहळू ते कपाटाच्या खणात गेलं. 'नको' सगळ्यांत जास्त दिवस टिकला. एके दिवशी बाईंनी तिच्यापुढे दुधाचा पेला धरला. ठकीने तोंड फिरवलं, पेला ढकलला, दूध फरशीवर पसरलं, पण शब्द आला नाही. बाई फरशी पुसत बसल्या आणि पुसून झाल्यावरही तिथेच बसून राहिल्या. पोर आता चिडली की भिंतीवर डोकं आपटायची. तिला काहीतरी सांगायचं असायचं, ते काय हे तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं, ना तोंडाने, ना हातांनी. घरात एवढी बोलणारी माणसं आणि त्या पोरीचं एकही नाही.

नवी परिषद आली. नव्या कुलगुरूंना गावासाठी काहीतरी ठसठशीत करून दाखवायचं होतं, कारण क्रमवारीतच आता 'समाजासाठी योगदान' असा रकाना आला होता. जुना मसुदा बाहेर निघाला. बाईंनी या वेळी मागचापुढचा विचार न करता तो ऐनवेळच्या विषयांत, पार शेवटी घातला. कपबश्या वाजत होत्या. कुलसचिवांनी भराभर वाचलं. तेवढ्यात कारखानदार, जे पुन्हा निवडून आले होते, म्हणाले, "एकच दुरुस्ती. चार वर्षांखालचीच मुलं घ्या. लवकर परिणाम दिसले पाहिजेत, रकान्यात दाखवायला." माना हलल्या. संमत. एकमताने, टेबल वाजवून.

ठकीला पाचवं लागलं होतं.

इतक्या वर्षांत बाई कुलसचिवांच्या खोलीत स्वतःच्या कामासाठी कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी गेल्या, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नात, केंद्र, मणी, वय. कुलसचिवांनी चष्मा काढला. माणूस पाषाण नव्हता, त्यांचे डोळे खरंच भरून आले.

"अहो बाई, हे आधी नाही का सांगायचं! तेव्हा एका शब्दाचं काम होतं. मी स्वतः बोललो असतो."

बाईंनी पदराने चष्म्याची काच पुसली.

"आता कसं करायचं..." कुलसचिव म्हणाले. "संमत झालेला ठराव वर्षभर पुन्हा घेता येत नाही. नियम तुम्हालाच माझ्याहून जास्त माहीत." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "असं करा, उद्घाटनाला तिला घेऊन या. नगराध्यक्ष येणार आहेत, कुलगुरू असणार. एखादं मूल हवंच आहे फीत कापायला. मोठ्या माणसांनी तिला पाहिलं तर कुणाला तरी पाझर फुटेल."

बुडत्याला काडीचा आधार. बाईंनी घरी येऊन सुनेला सांगितलं. सून हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रात्रीतून तिने ठकीला निळा झगा शिवला.

नव्या केंद्राला काचेची दारं होती आणि पाटीवर दोन्ही बोधचिन्हं, अगदी एका मापाची. मंडपात खुर्च्या भरल्या. बाई दुसऱ्या रांगेत, मांडीवर वही, कारण समारंभाचा वृत्तान्तही त्यांनीच लिहायचा. सून शेजारी. ठकीच्या हाती कात्री दिली तेव्हा तिने फीत नीट, सरळ कापली. शिवणारीची पोर ती. टाळ्या पडल्या. नगराध्यक्ष खूश होऊन खाली वाकले आणि ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी नेला.

"वा वा! बाळ, नाव काय तुझं? सांग बरं सगळ्यांना."

ठकीने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. ते हलले तसे आपले हलवून पाहिले. माणूस अजून वाट बघतोय हे तिला कळलं. तिने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि मग जीव एकवटून एक लांब, खरखरीत ओरडणं त्या यंत्रात सोडलं. कर्णे किंचाळले. पुढच्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले.

नगराध्यक्ष मुरलेले. त्यांनी ध्वनिक्षेपक आपल्याकडे घेतला. "पाहिलंत?" ते हसून म्हणाले. "आज केंद्र उघडलं आणि आजच पोरीला आवाज फुटला!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. कुलगुरू उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुलसचिवही. कॅमेरे ठकीभोवती जमले. ती डोळे विस्फारून त्या शेकडो हलणाऱ्या हातांकडे बघत होती.

बाई उठल्या. मांडीवरची वही खाली पडली. त्या उभ्या राहून बोलू लागल्या, आधी हळू, मग जोरात, गळ्याच्या शिरा ताणून. "तिला नाव सांगता येत नाही! तिला बोलता येत होतं! तीन शब्द येत होते तिला! तिला इथे प्रवेश नाही, ऐकताय का, या पोरीला तुमच्या केंद्रात प्रवेश नाही!"

टाळ्या चालूच होत्या. पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून पाहिलं, बाई आनंदाने काही म्हणताहेत असं समजून मान डोलावली आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागला. निवेदकाने चहापानाची सूचना दिली. लोक उठले, खुर्च्या सरकल्या.

बाई तशाच उभ्या होत्या, तोंड उघडं. सुनेने खाली वाकून वही उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

"हे तेव्हा बोलायचं होतं, आई," ती म्हणाली, आणि ठकीला आणायला पुढे गेली.